मस्कीची होडी आणि मंगळवारची संध्याकाळ

वाचकाचं पत्र, थोडक्यात : अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनीॲपोलिसच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. वय ४३, सॉफ्टवेअरची नोकरी, मूळ गाव वेंगुर्ल्याजवळ. तीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मित्राने मस्की या मोठ्या शिकारी माशाच्या नादी लावलं. अजून त्याच्याच बोटीतून जातो. आतापर्यंत दोन मासे मिळाले, मोठा ४४ इंचांचा. आता स्वतःची ॲल्युमिनियमची बोट घ्यायची आहे. बोटींच्या प्रदर्शनात २० फुटी, अडीचशे अश्वशक्तीची एक पाहिली. विक्रेता म्हणाला, मस्कीवाल्यांनी हीच घ्यावी. किंमत ८० हजार डॉलरच्या घरात, हप्ते पंधरा वर्षांचे. बायको म्हणते, गराजमध्ये दोन सायकली, एक कयाक आणि एक दुर्बीण आधीच धूळ खातायत. वडील ७१ वर्षांचे, दर उन्हाळ्यात चार महिने येतात. लहानपणी ते चुलत्यांबरोबर होडीवर जायचे, त्यांनाही न्यायचं आहे. घरची गाडी मिनीव्हॅन. १८ फुटी घेऊ की २० फुटी? पत्रे रिव्हेटने (खिळ्यांनी) जोडलेली की वेल्डिंगची? टिलर की स्टिअरिंग? एकदाच घ्यायची आहे, तर मिल लॅक्स तळ्याच्या लाटांना पुरेल अशीच घ्यावी ना?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा बोटीसाठी वाचलं आणि मग मिनीव्हॅनसाठी. तुमच्या तिन्ही प्रश्नांना उत्तरं आहेत आणि ती देतो, पण खरा अडकलेला गळ शेवटच्या ओळीत आहे : ‘एकदाच घ्यायची आहे, तर’. हे आपण घर घेताना म्हणतो, लग्नाच्या शालूबद्दल म्हणतो. बोटीबद्दल म्हणू नये. ज्यांना मी वीस-पंचवीस वर्षं पाण्यावर पाहतोय त्यांच्यातल्या बहुतेकांची आत्ताची बोट तिसरी किंवा चौथी आहे. पहिली बोट तुम्हाला एवढंच शिकवते की दुसरी कशी हवी. तिच्यासाठी पंधरा वर्षांचे हप्ते लावून घेणं म्हणजे पहिल्याच स्थळाला होकार देऊन वर लग्नाचं कर्जही काढणं.

दुसरं गृहीतक मिल लॅक्सचं. मोठ्या माशांचं ते पाणी आहे हे कबूल. मिनेसोटाचा मस्कीच्या वजनाचा विक्रम २०२२च्या नोव्हेंबरात तिथेच झाला, ५५ पौंडांच्या वर. तळ्याचा विस्तार सुमारे १ लाख ३२ हजार एकर, आणि खोली जास्तीत जास्त ४२ फूट. एवढं पसरट आणि एवढं उथळ पाणी वाऱ्याने खवळलं की लाटा लांब, गोलसर येत नाहीत, एकीला चिकटून दुसरी अशा उभ्या येतात. तिथे २० फुटी बोट सुखाची, यात वाद नाही. पण तुमच्या घरापासून ते तळं शंभर मैलांच्या आसपास. शनिवारी मुलांचे क्लास, रविवारी कुणाकडे तरी जेवण, आणि जून ते ऑक्टोबरमधले निम्मे दिवस वाऱ्याचे. मित्राच्या बोटीतून गेल्या वर्षी तुम्ही तिथे किती दिवस गेलात? पत्रात तुम्ही हे लिहिलेलं नाही, म्हणून मी अंदाज करतो : पाच. फार तर सहा.

आता थोडा हिशोब करू. ज्यांना मस्की माहीत नाही अशा वाचकांसाठी सांगतो, हा पाइक माशाच्या कुळातला शिकारी, चार फुटांवरही वाढू शकणारा, तोंडात सुया. वाटेल तेव्हा खातो आणि वाटेल तेव्हा नुसता मागे येऊन बघून जातो. ‘दहा हजार फेकींचा मासा’ ही त्याची इथली ख्याती. जड आमिष फेकायचं, ओढायचं, शेवटी बोटीशेजारी फिरवायचं, पुन्हा फेकायचं. यात एका तासाला साधारण ८० फेकी होतात. मिल लॅक्सचे पाच पूर्ण दिवस धरले, दिवसाचे दहा तास, तर चार हजार फेकी. आणि घरापासून वीस मिनिटांवरच्या तळ्यावर मंगळवार-गुरुवारची संध्याकाळ धरली, सहा ते नऊ, तर एका संध्याकाळी २४०. जूनच्या अखेरीला इथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे हे तीन तास खरेच मिळतात. पावसाच्या, मीटिंगच्या, कंटाळ्याच्या संध्याकाळी वजा करून हंगामात पंचवीस उरल्या तरी सहा हजार फेकी. आणि त्याच त्या तळ्यावर पंचवीस संध्याकाळी घालवलेल्या माणसाला कळतं की वारा दक्षिणेचा असला की कुठल्या शेवाळाच्या कडेला मासा येतो. हे ज्ञान पाच दिवसांच्या पाहुण्याला मिळत नाही.

मिनेसोटाच्या दहा हजारांवर तळ्यांपैकी मस्की जेमतेम शंभरेक पाण्यांत आहे, पण तुमचं नशीब बघा : मिनेटोंका तुमच्या दाराशी आहे, जवळपास चौदा हजार एकरांचं, आणि इतक्या खाड्या-उपखाड्यांत वाटलेलं की कुठल्याही वाऱ्याला एखादा आडोसा सापडतोच. इंडिपेंडन्स तळंही जवळ आहे. पूर्वेला गेलात तर व्हाइट बेअर, बाल्ड ईगल. या सगळ्यांना २० फूट लागत नाहीत.

म्हणून माझा प्रश्न तुम्हाला असा : मंगळवारी साडेपाचला लॅपटॉप मिटल्यावर सहाला पाण्यावर नेईल अशी बोट कोणती? मस्की पकडणारी बोट तीच. विक्रेत्याच्या कागदावर तिचं नाव काही का असेना.

इथे मिनीव्हॅन येते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ओढायची क्षमता पाहा. मिनीव्हॅन बहुधा ३,५०० पौंडांच्या असतात, तेही टोइंगची तयारी करून घेतलेली असेल तर. प्रदर्शनातल्या पाटीवर बोटीचं वजन लिहिलेलं असतं, ते रिकाम्या टरफलाचं. २० फुटी टरफल २,००० पौंड. अडीचशेची मोटर ५०० च्या पुढे. पेट्रोल गॅलनला सहा पौंड, ५० गॅलनची टाकी म्हणजे ३००. बॅटऱ्या, आमिषांच्या पेट्या, नांगर, जाळं मिळून ३००-४००. दोन आसांचा ट्रेलर हजाराच्या वर. एकूण ४,२०० च्या पुढे जातं. म्हणजे ८० हजारांच्या बोटीबरोबर नवी गाडीही आलीच, आणि ती तुमच्या पत्रात कुठेच नाही. वहिनींना ती दिसली असणार असा माझा संशय आहे. उलट १७ फुटी, नव्वद अश्वशक्तीची बोट घ्या : टरफल १,२००, मोटर ३६०, पेट्रोल १५०, सामान ३००, ट्रेलर ७००. एकूण २,७०० च्या आसपास. मिनीव्हॅन ओढते आणि वर थोडा श्वास उरतो. तरी एक लक्षात असू द्या, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी शेवाळलेल्या उतारावर घसरते. ओल्या उतारावर चाकं जागच्या जागी फिरू लागली तर ॲक्सिलरेटर दाबू नका, मागे कुणीतरी उभं असतंच.

गराज मोजलंत का? साधं दोन गाड्यांचं गराज २० ते २२ फूट खोल असतं. २० फुटी बोट, मागची मोटर आणि ट्रेलरची जीभ (गाडीला जोडायचा पुढचा दांडा) धरून लांबी पंचविसाच्या आसपास जाते. मग बोट भाड्याच्या जागेत जाते, कारण तुमच्या सोसायटीचे नियम ड्राइव्हवेवर ट्रेलर उभा करू देत नसतील, बहुतेक ठिकाणी देत नाहीत. भाड्याची जागा अर्ध्या तासावर असली की मंगळवार संपला. १७ फुटी बोट, ट्रेलरची जीभ दुमडणारी असेल तर, तिरकी का होईना पण गराजमध्ये बसते. सायकली भिंतीवर टांगाव्या लागतील. दुर्बिणीचं तुमचं तुम्ही बघा.

हे शहाणपण मला कुठून आलं ते सांगतो. माझी पहिली बोट २० फुटी होती, जुनी, पण २० फुटीच. आई तेव्हा इथे आली होती. मी फोनवर ‘लेकवर चाललोय’ म्हटलं की ती विचारायची, कुणाच्या लेकीकडे? पहिल्या हंगामात आठ वेळा पाण्यावर गेलो. दर वेळी कुणाला तरी मदतीला बोलवावं लागायचं, आणि ज्याला बोलवायचो त्याची वेळ सांभाळायची. नवव्यांदा एकटाच गेलो, गर्दीत घाईघाईने बोट उतरवली, धक्क्याला बांधली, गाडी लावून परत आलो तर मागचा भाग चार बोटं खाली. बोटीतलं पाणी गाळायच्या भोकाचं बूच लावलं नव्हतं. इथल्या कायद्याने बोट रस्त्यावरून नेताना बूच काढून पाणी गाळूनच न्यावी लागते, झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. नियम चांगला आहे. पण काढलेलं बूच परत लावायचं असतं. बाही वर करून, थंड पाण्यात हात घालून ते भोक चाचपत होतो आणि धक्क्यावरचे एक आजोबा शांतपणे सँडविच खात बघत होते. पुढच्या वसंतात ती बोट विकली.

आता मासा बोटीकडून काय मागतो ते बघू, कारण ‘मस्की बोट’ या शब्दात अगदीच हवा नाही. मस्कीवाला उभा राहून मासेमारी करतो, दिवसभर. म्हणून पुढे आणि मागे मोठा, सपाट, अडथळा नसलेला मंच हवा. बसायच्या खुर्च्या काढून ठेवता यायला हव्यात. हातात नऊ फुटी रॉड असतो. बोटीतला रॉडचा कप्पा किती लांब आहे ते टेपने मोजा, कारण जुन्या बऱ्याच बोटींत तो सात फुटांवर संपतो. तसा असेल तर सरकवून आखूड करता येणारे रॉड मिळतात, त्यासाठी चांगली बोट सोडू नका. जमिनीवर गालिचा असेल तर तिनतोंडी गळ त्यात असे रुततात की अर्धी संध्याकाळ पक्कड घेऊन गुडघ्यावर बसावं लागतं. व्हिनाइलची जमीन बरी, पुसताही येते.

काठाची उंची मात्र खरी पेचाची. उंच काठाची बोट कोरडी ठेवते, लाट आत येऊ देत नाही. पण तोच काठ वारा धरतो, शिडासारखा, आणि नाळेवरची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरची, विजेची मोटर धापा टाकू लागते. शिवाय मस्कीची अर्धी गंमत बोटीशेजारी असते. आमिष जवळ आलं की रॉडचं टोक पाण्यात बुडवून आठाचा आकडा काढायचा. आपला देवनागरी ८ नव्हे, त्यावर मासा वळणार नाही. इंग्रजी आठ, दोन्हीकडे रुंद गोल वळणं. मागे आलेला मासा पुष्कळदा तिथेच तोंड मारतो. मंच पाण्यापासून फार उंच असला की हे वळण उथळ होतं आणि पाठही धरते. आणि मासा लागल्यावर तो मोठ्या जाळ्यात, पाण्यातच ठेवून गळ काढायचा असतो. काठावरून वाकून हात पाण्याला सहज लागला पाहिजे. विक्रेत्याकडे बोट ट्रेलरवर उभी असते, तिथे हे कळत नाही. गुडघे टेकून काठावरून हात खाली सोडा आणि जलरेषा कुठे येते ते विचारा. लोक हसतील. हसू द्या.

मस्कीला लाइव्हवेल, म्हणजे मासे जिवंत ठेवायची टाकी, लागत नाही. मिनेसोटात बहुतेक पाण्यांवर ५४ इंचांखालची मस्की ठेवताच येत नाही, म्हणजे व्यवहारात सगळ्याच सोडायच्या. फक्त मस्कीवाला असतात तर टाकी लहान आणि मंच मोठा असलेली घ्या, असं मी म्हटलं असतं. पण तुम्ही वडिलांना नेणार आहात. होडीवर वाढलेल्या माणसाला तुम्ही चार फुटी मासा दाखवणार, मोजणार, फोटो काढणार आणि सोडून देणार. एकदा त्यांना गंमत वाटेल. दुसऱ्यांदा ते विचारतील, मग आपण आलो कशाला? त्यांना क्रॅपी आणि वॉलाय हे इथले खायचे मासे हवेत, परवानगीएवढे, घरी नेऊन रवा लावून तळायला. तेव्हा टाकी असलेली बोट घ्या. मस्कीच्या दिवसांत तिच्यात रेनकोट ठेवता येतात.

याच कारणासाठी मी ‘मस्कीची’ असा शिक्का असलेल्या बोटीपेक्षा साधी बहुउद्देशी मासेमारीची बोट सुचवतो : १७ ते साडेसतरा फूट, इंग्रजी व्ही आकाराचा तळ, रुंदी सात फुटांच्या वर, पुढचा मंच मोठा. तळाचा व्ही जितका खोल तितकी लाट कापली जाते, पण उभं राहिल्यावर बोट तितकीच डुलते. मिनेटोंकासाठी मध्यम व्ही चालतो. उत्तरेला व्हर्मिलियन तळ्यावर जायचं मनात असेल तर ॲल्युमिनियमचा निर्णय पक्का बरोबर. तिथले खडक पाण्याखाली दबा धरून असतात आणि ॲल्युमिनियमला पोचा पडतो तिथे फायबरग्लासचा टवका उडतो. लाटेवर ॲल्युमिनियम जास्त आदळतं आणि जास्त वाजतं, ही त्याची किंमत.

रिव्हेट की वेल्डिंग, या वादावर इथे माणसं मालवणी मसाल्याच्या प्रमाणावर भांडावी तशी भांडतात. मी दोन्ही वापरल्या. न्यूयॉर्क मिल्स या मिनेसोटातल्या गावात लुंड कंपनीवाले १९४८पासून बोटी बनवतात, रिव्हेटच्या, आणि त्यातल्या कितीतरी जुन्या बोटी अजून पाण्यावर आहेत. रिव्हेट सैल झाला तर आतून लोखंड धरून बाहेरून ठोकता येतो, दोन माणसांचं काम. वेल्डिंगला गळती कमी, पण चीर गेली तर ॲल्युमिनियम जोडणारा चांगला कारागीर शोधावा लागतो. पत्र्याची जाडी, आतल्या फासळ्या आणि आधीच्या मालकाने ती कशी आदळली, हे या वादापेक्षा महत्त्वाचं.

टिलरचं सांगतो. टिलर म्हणजे मागे बसून मोटरचा दांडा हातात धरायचा, तुमच्या बाबांना त्यांच्या सुकाण्याची आठवण येईल. जागा भरपूर मोकळी होते, हळू चालताना बोट बोटावर नाचते. पण नोव्हेंबरात तोंडावर वारा, आणि बोलायला माणूस पुढे. वडील आणि मुलं येणार असतील तर एका बाजूला स्टिअरिंग आणि छोटी काच असलेली घ्या. एकट्याने जाणारा असतात तर उत्तर वेगळं असतं. दोन्हींत किल-स्विचचा पट्टा (माणूस पडला की मोटर बंद करणारा) अंगाला लावा; अशा लहान बोटींसाठी तो १ एप्रिल २०२१पासून संघराज्याचा कायदाही आहे. एकटा माणूस बोटीबाहेर पडला आणि मोटर चालूच राहिली तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

मागच्या मोटरवर वाचवलेल्या पैशांतले काही पुढच्या मोटरवर घाला. मस्कीवाल्याचा सगळा वेळ नाळेवरच्या विजेच्या मोटरवर जातो. ढोबळ नियम असा की भरलेल्या बोटीच्या दर शंभर पौंडांना दोन पौंड जोर. १७ फुटी बोट माणसांसकट अडीच हजारांची, म्हणजे किमान ५०. पण वाऱ्यात तेवढ्याने भागत नाही, २४ व्होल्टची ८० पौंडांची घ्या. ३६ व्होल्टची ११२ पौंडांची मोटर मोठ्या बोटींची गरज आहे. जीपीएसने जागच्या जागी उभी राहणारी हवीच. मासा लागल्यावर एक माणूस जाळं धरतो, दुसरा रॉड, आणि तुमच्या बाबतीत तिसरा फोटो काढायला सापडेलच असं नाही. तेव्हा बोट स्वतःहून खडकापासून दूर राहिलेली बरी. मोटरचा दांडा लाटेत पाण्याबाहेर येऊ नये इतका लांब, बहुधा ६० इंची. बॅटऱ्या लिथियमच्या परवडल्या तर घ्या, वजन निम्म्यावर येतं.

जुनी घ्या, पाच ते दहा वर्षांची. बघायला जाताना बोट ट्रेलरवरच असू द्या, आत घोट्याइतकं पाणी सोडा आणि खाली वाकून पाहा कुठून ठिबकतं. मागच्या भिंतीत, जिच्यावर मोटर टांगलेली असते, जुन्या बोटींत लाकूड असतं आणि ते आतून कुजतं; मोटर धरून वर-खाली जोर लावा, भिंत हलली तर आभार मानून निघा. शक्य असेल तर ट्रकच्या वजनकाट्यावरून नेऊन आणा. हिशोबापेक्षा दोन-तीनशे पौंड जास्त भरली तर जमिनीखालच्या फोमने पाणी प्यायलंय. मोटरच्या प्रत्येक सिलिंडरचा दाब मेकॅनिककडून तपासून घ्या. विकणारा यातल्या कशालाही नाही म्हणाला तर त्याचं कारण विचारत बसू नका. मासेमारीच्या जुन्या ॲल्युमिनियम बोटीच्या किमतीची घसरगुंडी बरीचशी आधीच्या मालकाने भोगलेली असते. तीन वर्षांनी २० फुटी हवीच असं ठरलं तर ही विकताना फार हात पोळणार नाहीत.

मिल लॅक्सचं काय, हे विचारायच्या तयारीत असाल. शांत दिवशी १७ फुटी बोटीने जा, काठ धरून राहा, वारा वाढायच्या आत परत या. आणि दरवर्षी दोन दिवस तिथला गाइड घ्या, त्याच्या २१ फुटी बोटीतून. दुसऱ्याच्या बोटीत बसून तुम्हाला आपल्याला काय हवंय हे फुकटात, निदान स्वस्तात, कळतं. याहून स्वस्त वाट म्हणजे मस्कीज इन्कॉर्पोरेटेड. १९६६ साली सेंट पॉलमध्येच सुरू झालेली संस्था, तुमच्या शहरात शाखा आहे. बोट घेण्याआधी एक हंगाम तिच्या सभांना जा. तिथल्या लोकांना मागची खुर्ची भरायला माणूस हवाच असतो. पाच वेगवेगळ्या बोटींत बसून या. मग मला पत्र लिहायची गरजही कदाचित राहणार नाही.

२० फुटी कुणी घ्यावी, तेही सांगतो, नाहीतर विक्रेते माझ्यावर चिडतील. ज्याचं घर किंवा केबिन मिल लॅक्सच्या, लीच लेकच्या किंवा ग्रीन बेच्या काठावर आहे, बोट हंगामभर पाण्यातच लिफ्टवर राहते, आणि ओढायला ट्रक आधीपासून आहे. त्याच्यासाठी १७ फुटी घेणं हा चुकीचा सल्ला ठरेल. तुम्ही निवृत्तीनंतर तसे झालात तर आनंदच आहे.

आता बाबा. त्यांना इथला परवाना लागेल, पाहुण्याचा, तो आधीच काढून ठेवा. त्यांच्यासाठी बोटीच्या मध्यावर पाठ असलेली, खाली बसवलेली खुर्ची ठेवा. उभं राहून जड आमिष फेकायला लावू नका. धक्क्यावरून आत उतरायला एक पायरी आणि धरायला दांडा. लाइफ जॅकेट ते घालणार नाहीत, मला माहीत आहे. होडीवर वाढलेली माणसं जॅकेटला हसतात. त्यांना थंड पाण्याचं सांगा : वेंगुर्ल्याच्या समुद्रात पडलेला माणूस पोहतो, इथे ऑक्टोबरात पडलेल्याचा पहिला मिनिट नुसता श्वास आवरण्यात जातो आणि दहाएक मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. तेही नाही पटलं तर फुगणारं, पट्ट्यासारखं हलकं जॅकेट आणा आणि आधी स्वतः घाला. मुलं दहा वर्षांखालची असतील तर कायद्यानेच चालत्या बोटीत घालावं लागतं, मग नातवंडांनी घातलेलं बघून आजोबा बहुधा गप्प घालतात. जुलै-ऑगस्टात पाणी ८० फॅरनहाइटच्या वर, म्हणजे आपल्या २७ अंशांवर गेलं की मस्कीच्या मागे जाऊच नका, सोडलेला मासाही मरतो. ते आठवडे पूर्ण त्यांचे, क्रॅपी नि सनफिशचे.

वहिनींना किमतीचा कागद दाखवण्याआधी हा वजनाचा हिशोब दाखवा. आणि कयाक विका, खरंच. त्याच्या पैशांत जाळं आणि गळ कापायची चांगली कात्री येईल.

पहिल्या दिवशी मंगळवारच निवडा, शनिवार नको, धक्क्यावर गर्दी असते. गाडीतून निघताना बूच बाबांच्या खिशात द्या. उतारावर बोट पाण्याला लागायच्या आत ते स्वतःहून विचारतील.